लॅपटॉप चालू होईना? मदरबोर्डचे पैसे भरायच्या आधी एवढं करून बघा

जूनमधे पाऊस लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, लॅपटॉप गेला बघा, बटण दाबलं तरी काहीच होईना, दुकानात मदरबोर्ड गेलाय म्हणाले." माझं काही दुकान नाही, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, घरचे, पै-पाहुण्यांचे, गल्लीतले लॅपटॉप गेली बारा-तेरा वर्षं उघडतोय. त्यातनं एक गोष्ट पक्की कळलीय, 'काहीच होईना' म्हणून माझ्याकडं आलेल्या लॅपटॉपमधले निम्म्याहून जास्त खरं तर चालू होत होते, फक्त स्क्रीनवर काही येत नव्हतं. करंटच न पोचणं वेगळं आणि चालू होऊन अंधार राहणं वेगळं, दोन्हीचा इलाज वेगळा, आणि हे न बघताच लोक हजारो रुपये भरून मोकळे होतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सॉकेट बदलून बघितलं असेल, वायर नीट घुसवली असेल असं धरून चालतो.

अडॅप्टरचं मात्र नीट बघा. मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा, २० च्या रेंजवर नको, कारण काही अडॅप्टर २० च्या जरा वर जातात आणि मीटर नुसता १ दाखवतो, माणसाला वाटतं अडॅप्टर खराब. बहुतेक गोल पिनवाले १९, १९.५ नाहीतर २० व्होल्ट देतात, नेमका आकडा अडॅप्टरच्या पाठीवर छापलेला असतो. डेल, एचपीच्या पिनमधे मधोमध जी बारीक सुई असते ती करंटची नाही, लॅपटॉपला अडॅप्टर ओळखता यावा म्हणून असते, तेव्हा लाल टोक पिनच्या आतल्या भिंतीला आणि काळं बाहेरच्या पत्र्याला लावायचं. आणि मीटरवर १९ आलं म्हणजे अडॅप्टर चांगलाच असं धरू नका, काही अडॅप्टर मोकळे असताना बरोबर दाखवतात आणि लोड आला की बसतात. खात्री करायची तर शेजारच्याचा अडॅप्टर आणा, व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन तीच. टाइप-सी वाल्याला मीटर लावून उपयोग नाही, तो लॅपटॉपशी बोलणं झाल्यावरच पूर्ण व्होल्टेज सोडतो, आणि मोबाईलच्या चार्जरवर लॅपटॉप सुरू होईना म्हणून घाबरू नका, बहुतेकांना ४५ नाहीतर ६५ वॅट लागतात.

मग पॉवर ड्रेन, म्हणजे आत साठून राहिलेला करंट काढून टाकणं. अडॅप्टर काढा, पेनड्राइव्ह, माउस सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त अडॅप्टर लावून चालू करा. बॅटरी आत असेल तरी हेच करायचं. काही लिनोवो आणि एसरला खालच्या बाजूला रिसेटचं बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हलकी दाबायची.

तरी नाही? मग आता दिवा बंद करा, पंखा बंद करा, खोली शांत करा आणि लॅपटॉपला कान लावा. आतला फॅन फिरतोय का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतोय-विझतोय का. दिवा ऐकत असेल तर लॅपटॉप बहुतेक पूर्ण चालू झालाय, बिघाड डिस्प्लेच्या बाजूला. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनवर मारा, अंधुक अक्षरं दिसली तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा उजेड, गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडा, टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड बहुतेक ठीक आहे. फॅन फिरतोय, दिवा लागतोय पण कॅप्स लॉक ऐकत नाही, टीव्हीवर पण काही नाही, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे आत खाचेत बसवलेल्या मेमरीच्या पट्टीवर. कॅप्स लॉक नाहीतर पॉवरचा दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल तर किती वेळा आणि कुठल्या रंगात ते मोजून लिहून ठेवा, कंपनीच्या मॅन्युअलमधे त्या मोजणीचा अर्थ दिलेला असतो. दिवा नाही, फॅन नाही, दुसऱ्या अडॅप्टरवर पण काही नाही, तर मात्र पॉवर सेक्शनचं, म्हणजे बोर्डावर करंट पुरवणाऱ्या भागाचं काम आहे, ते घरी होत नाही.

आता रॅम. इथं मी स्वतः तीन रात्री घालवल्यात म्हणून सविस्तर सांगतो.

धाकट्या भावाचा लॅपटॉप, डिप्लोमाचा प्रोजेक्ट आत, सबमिशनला आठ दिवस. एका दुकानात दाखवला, त्यांनी न उघडता मदरबोर्ड सांगितला, ९,५०० रुपये. तेवढे पैसे तेव्हा घरात नव्हते, म्हणून मीच उघडला. रॅम काढली, परत बसवली, अंधार. परत काढली, परत अंधार. तिसऱ्या रात्री टॉर्च तोंडात धरून बघितलं तेव्हा दिसलं की डावी क्लिप बसलीय आणि उजवी केसभर बाहेर आहे, म्हणजे मी दरवेळी रॅम अर्धवटच बसवत होतो. 'रॅम काढून घाला' असं सगळे सांगतात, कशी घालायची ते कोणी सांगत नाही.

मागचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. हे सोडू नका, लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेल तर बोर्डावर करंट असतो आणि रॅम काढताना शॉर्ट झालं तर चांगला बोर्ड जातो. कनेक्टर वायरला धरून ओढायचं नाही, दोन्ही कडांना नख लावून हळूहळू सरकवायचं. मागचं झाकण काढताना स्क्रू कागदावर त्याच जागी मांडून ठेवा, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्डाला लागतो.

दोन्ही बाजूच्या क्लिप एकदम बाहेर ओढल्या की रॅम आपोआप तिरकी उभी राहते. काढून उजेडात धरा, सोनेरी पट्ट्या बघा. आपल्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते, ह्या पट्ट्यांवर पण पितळेच्या तांब्यावर येतो तसा मळकट थर दिसतो. पांढरा मऊ खोडरबर घ्या, एकाच दिशेनं हलक्या हातानं चार-पाच वेळा फिरवा, चुरा ब्रशनं झाडा. शाई खोडायचा निळा रबर नको, तो खरखरीत असतो, सोन्याचा मुलामा पातळ असतो, निघून जातो. पॉलिश पेपर घासा म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. सॅनिटायझर पण नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट राहतं. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्यायचं.

बसवताना खाच जुळवा, साधारण ३० अंशात तिरकी धरून आत ढकला, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, नुसती टेकवून खाली दाबायची नाही, माझी चूक तीच होती. पट्टी आत गेल्यावरच खाली दाबा, दोन्ही क्लिप टक्‌ करून बसल्या पाहिजेत, डावी-उजवी दोन्ही डोळ्यांनी बघा. दोन रॅम असतील तर एकच घालून चालू करा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. आणि चालू केल्यावर थांबा! नव्या डीडीआर-५ वाल्यात रॅम काढून घातली की मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे लॅपटॉप रॅमशी नव्यानं जुळवून घेतो, दोन-तीन मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, लोक दहाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करतात आणि रॅम पण गेली म्हणतात. पातळ लॅपटॉपमधे रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथं हा सगळा प्रकार होत नाही.

भावाचा लॅपटॉप चौथ्यांदा बसवल्यावर चालू झाला, पुढं चार वर्षं चालला.

चहा सांडला असेल किंवा पुराच्या पाण्यात भिजला असेल तर वरचं काहीच करायचं नाही, चालू करून बघायचंच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर माझ्याकडं आलेल्यांपैकी बरेच जण 'चालतोय का' बघायला म्हणून बटण दाबून आले होते, तिथंच घात झाला. तांदळात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. बॅटरी सोडवा आणि बोर्ड धुणाऱ्याकडं न्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ आलं की सखल भागातले लोक लॅपटॉप माळ्यावर टाकतात आणि अडॅप्टर खालच्या सॉकेटलाच राहतो, तोही काढा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली तरी अडॅप्टर काढायचाच.

टचपॅड वर आलाय, झाकण फुगलंय, तर बॅटरी फुगलीय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, कचऱ्यात पण टाकू नका.

दुकानात द्यायचाच झाला तर काय काय बघितलं ते सांगा, आणि कोणी 'चिपला हीट मारून देतो' म्हणालं तर नको म्हणा. गरम करून चालू झालेला लॅपटॉप काही दिवसांनी परत बंद पडतो आणि पुढच्या दुरुस्तीचं काम अवघड करून ठेवतो.

डेटासाठी मात्र जीव टांगणीला लावू नका. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, वेगळी निघत असेल तर एनक्लोजरमधे (यूएसबीनं जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावता येते, फक्त ती एनव्हीएमई प्रकारची आहे का साटा ते बघून एनक्लोजर घ्या. विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सेव्ह असते, दुसऱ्या मोबाईलवरनं लॉगिन करून मिळते. माझ्या मावसबहिणीचं ते अकाउंट तिच्या जुन्या नंबरवर होतं, नंबर बंद झालेला, मुलाचे पाच वर्षांचे फोटो समोर दिसत असलेल्या एसएसडीत आणि उघडता येईनात. ही की लॅपटॉप चालू असतानाच काढून कागदावर लिहा आणि तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.