पदवीचे श्रेयांक ऑनलाइन अभ्यासक्रमातून मिळवताना

आपल्या महाविद्यालयात शिकवला न जाणारा विषय दुसऱ्या संस्थेच्या प्राध्यापकांकडून ऑनलाइन शिकायचा आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट) आपल्याच पदवीच्या गुणपत्रिकेत घ्यायचे, ही सोय आता नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठीही खुली आहे. केंद्र सरकारने 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर देशभरातील आयआयटी, विद्यापीठे आणि महाविद्यालये असे अभ्यासक्रम चालवतात. अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेला यजमान संस्था आणि विद्यार्थ्याने जिथे प्रवेश घेतला आहे त्या संस्थेला मूळ संस्था म्हणतात. बहुतेक विद्यार्थी यजमान संस्थेचे नाव, शिकवणारे प्राध्यापक आणि विषय पाहून लगेच नोंदणी करतात आणि आपल्या महाविद्यालयाकडे प्रमाणपत्र हाती आल्यावरच जातात. श्रेयांक मात्र मूळ संस्थाच देते. म्हणून आधी महाविद्यालयाची मान्यता आणि मग नोंदणी, हा क्रम कोणत्याही कारणाने मोडू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घेण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक असतात, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा बरीच उदार आहे. तरीही व्यासपीठावरचा प्रत्येक अभ्यासक्रम आपोआप चालतो असे नाही. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी धरायचा, हे विद्यापीठ आणि महाविद्यालय ठरवते. नाशिक जिल्ह्यातील बहुसंख्य पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. स्वायत्त महाविद्यालयात हा निर्णय त्यांच्या स्वतःच्या विद्या परिषदेच्या पातळीवर होतो, त्यामुळे शेजारच्या महाविद्यालयातील मित्राला मिळालेली सवलत आपल्यालाही मिळेलच असे गृहीत धरू नये.

महाविद्यालयात गेल्यावर स्वयम् किंवा एनपीटीईएलचे (स्वयम् वर अभ्यासक्रम चालवणारा आयआयटींचा उपक्रम) काम पाहणाऱ्या समन्वयक प्राध्यापकांना भेटावे आणि दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली, हा अभ्यासक्रम कोणत्या गटात धरला जाईल: मुख्य विषय, गौण विषय, मुक्त ऐच्छिक की कौशल्य विषय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे श्रेयांकांची संख्या. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे 3, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला 2 आणि चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला 1 श्रेयांक धरला जातो, तर आपल्या सत्रातील रिकामी जागा 2 किंवा 4 श्रेयांकांची असू शकते. प्रमाणपत्रावर छापलेला श्रेयांकांचा आकडा ही केवळ शिफारस असते. तीन श्रेयांकांचा अभ्यासक्रम चार श्रेयांकांच्या जागी चालेल का, आणि नसेल तर उरलेला एक श्रेयांक कसा भरून काढायचा, हे आधीच ठरलेले बरे. तोंडी होकारावर थांबू नये. अभ्यासक्रमाचे नाव, त्याचा क्रमांक, यजमान संस्था, कालावधी, अपेक्षित श्रेयांक आणि ज्या विषयाऐवजी तो घ्यायचा आहे त्या विषयाचे नाव लिहून प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज करावा, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह कार्यालयाच्या शिक्क्याची पोहोच घ्यावी. सहा महिन्यांनी समन्वयक बदलले तरी हा कागद बोलतो.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खासगी संकेतस्थळांवरील प्रमाणपत्रे नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतीलही, पण पदवीच्या श्रेयांकांसाठी ती आपोआप ग्राह्य होत नाहीत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहराजवळ असल्यामुळे ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हटले की अनेक पालकांना तिथला प्रवेशच आठवतो. मुक्त विद्यापीठाची पदवी ही स्वतंत्र पदवी आहे. आपल्या चालू पदवीत एखाद्या विषयाचे श्रेयांक आणणे ही त्याहून वेगळी प्रक्रिया आहे.

मान्यता मिळाल्यावर नोंदणी करताना नावाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते, आणि वडिलांचे नाव कुठे पूर्ण तर कुठे केवळ आद्याक्षराने लिहिलेले असते. श्रेयांक ज्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात तिथले खाते विद्यार्थ्याच्या ‘अपार’ या बारा अंकी ओळख क्रमांकाशी जोडलेले असते. ते डिजिलॉकरमधून पाहता येते. हा क्रमांक, आधार आणि स्वयम् वरील नोंद या तिन्हींत नावाचे स्पेलिंग एकच असावे. फरक असल्यास परीक्षेनंतर धावपळ करण्यापेक्षा आधीच दुरुस्ती करून घ्यावी. महाविद्यालय निवडतानाही घाई नको. एकाच शिक्षणसंस्थेची ‘कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय’ अशी मिळतीजुळती नावे असलेली महाविद्यालये जिल्ह्यात अनेक गावांत आहेत. यादीतून चुकून सिन्नरऐवजी निफाडचे महाविद्यालय निवडले गेले, तर आपली नोंद आपल्या समन्वयकांना दिसतच नाही.

अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे विनामूल्य आहे, परंतु श्रेयांकांसाठी लागणारी परीक्षा नोंदणी वेगळी असते, तिला शुल्क असते आणि तिची अंतिम तारीखही वेगळी असते. सगळी व्याख्याने पाहिलेला, सगळ्या असाइनमेंट वेळेत दिलेला विद्यार्थी केवळ ही दुसरी नोंदणी राहिल्यामुळे श्रेयांकांना मुकतो, याचे फार वाईट वाटते, कारण त्याच्या अभ्यासात काहीही कमी नसते. नोंदणी सुरू झाल्याचा ईमेल येतो. म्हणून रोज पाहिला जाणाराच ईमेल पत्ता द्यावा, सायबर कॅफेत घाईने तयार केलेला नको.

एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटना 25 आणि परीक्षेला 75 गुण असतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात, त्यामुळे एखादा आठवडा हुकला तरी हिंमत सोडू नये. मात्र ही सवलत सुरुवातीलाच खर्च करून टाकू नये. जानेवारीत सुरू होणारे सत्र आपल्याकडे नेमके द्राक्षाच्या खुड्याच्या काळात येते. दिंडोरी आणि निफाडकडच्या ज्या विद्यार्थ्यांना त्या दिवसांत घरच्या बागेत उभे राहावे लागते, त्यांनी शक्य असल्यास जुलैचे सत्र निवडावे, किंवा पहिल्या काही आठवड्यांतच पुढच्या व्याख्यानांपर्यंत मजल मारून ठेवावी. व्याख्यानांसोबत लिखित प्रती मिळतात आणि काही अभ्यासक्रमांत त्या मराठीतही असतात. नेटवर्क कमी असलेल्या गावात या प्रती उतरवून घेऊन अभ्यास करता येतो. इंग्रजी व्याख्यान कठीण वाटणाऱ्याने तर आधी मराठी प्रत वाचावी आणि मग व्याख्यान ऐकावे.

एनपीटीईएलची परीक्षा घरून देता येत नाही. ती ठरलेल्या केंद्रावर, संगणकावर आणि निरीक्षकांच्या देखरेखीखाली होते. परीक्षा नोंदणीच्या वेळी शहरांचा पसंतीक्रम विचारला जातो. तिथे नाशिकची निवड करण्यास विसरू नये, आणि पुढचे पर्याय भरताना सकाळच्या बसने वेळेत पोहोचता येईल असेच शहर निवडावे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या या परीक्षा विद्यापीठाच्या सत्र परीक्षांच्या अगदी जवळ असतात. दोन्ही वेळापत्रके एका कागदावर मांडून पाहावीत आणि तारखा एकमेकींवर येत असतील तर समन्वयकांना ताबडतोब लेखी कळवावे.

निकालानंतर ई-प्रमाणपत्र उतरवून त्याची प्रत, मान्यतेच्या अर्जाची पोहोच आणि अपार क्रमांक एकत्र जोडून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे द्यावेत. प्रमाणपत्राची पडताळणी ऑनलाइन होते. डिजिलॉकरमध्ये श्रेयांक दिसले म्हणजे काम संपले असे समजू नये. त्या सत्राची गुणपत्रिका हाती आल्यावर तिच्यात अभ्यासक्रमाचे नाव, श्रेयांक आणि श्रेणी या तिन्ही गोष्टी आहेत का, हे तिथेच खिडकीसमोर उभे राहून तपासावे. एखादी गोष्ट राहिली असेल, तर त्याच दिवशी जोडपत्रांसह दुरुस्तीचा अर्ज द्यावा.