जातीय हल्ल्यानंतरचे पहिले चोवीस तास: या चुका टाळा

हल्ल्याची बातमी आली की नाशिकमध्ये तासाभरात दोन गोष्टी होतात. व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवर फिरतो आणि कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चाची वेळ ठरते. जखमीची एमएलसी (पोलीस केस म्हणून दवाखान्यात होणारी नोंद) झाली का, फिर्यादीत काय लिहिलंय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सगळ्यात महागात पडतो तो व्हिडिओचा घोळ. ज्या पोराने शूट केलं तो घाबरून मूळ फाइल उडवतो. मग हाती उरते व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली, मध्येच कापलेली, वर गाणं चिकटवलेली क्लिप. कोर्टात बचावाचा वकील पहिल्यांदा विचारतो, मूळ कुठे आहे? म्हणून आधी त्या पोराला गाठा आणि धीर द्या. फाइल कापू नका, फोन विकू नका, कॉपी केबलने पेन ड्राइव्हवर घ्या. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, भरावी लागते. दुकानांच्या सीसीटीव्हीचंही तसंच आहे. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. त्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या, पोच घ्या. डीव्हीआरचं घड्याळ बरेचदा पुढेमागे असतं. स्क्रीनशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून दोन्ही एकाच फोटोत घ्या. एवढ्याशा फोटोने पुढचा मोठा वाद मिटतो.

दुसरी चूक फिर्यादीतली. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहून माणसं सही करून मोकळी होतात. शिवी जशी दिली तशी, शब्दन् शब्द लिहा. लिहिताना लाज वाटते हे समजतं, पण ते शब्द नसतील तर ॲट्रॉसिटी कायद्याची (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) कलम ३(१)(आर) आणि (एस), म्हणजे जातीवरून अपमान आणि शिवीगाळीची कलमं, लंगडी पडतात. अपमान लोकांदेखत झाला हे दाखवावं लागतं, म्हणून सातपूरची टपरी असो की अंबडचं कंपनी गेट, नेमकी जागा आणि तिथे उभ्या असलेल्या बाहेरच्या माणसांची नावं फिर्यादीत हवीत. घरचेच साक्षीदार पुरत नाहीत. ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा’ असं पोलिसांनी सांगितलं तर त्याच कायद्याचं कलम १८-अ दाखवा. एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) समाधान मानू नका. तरी नकारच आला तर शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणमध्ये अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा आणि पावती जपा.

हॉटेलात, पार्लरमध्ये काम करणाऱ्या ईशान्येकडच्या आदिवासी पोरांवर हल्ला झाला तर ‘त्यांना इथे ॲट्रॉसिटी लागत नाही’ म्हणून हात झटकू नका. या कायद्याचं संरक्षण राज्याच्या हद्दीशी संपत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

ठाण्यात चाळीस जण घुसू नका. पीडित, एक बाई, एक लिहिणारा, एक वकील पुरे. बाकीच्यांनी बाहेर थांबावं.

पीडितेचं नाव बॅनरवर टाकू नका.

‘मिटवून टाका’ म्हणणारे पाहुणे तिसऱ्या दिवशी येतात. त्या दिवशी त्या घरी आपलं कुणीतरी बसलेलं असलंच पाहिजे.

मोर्चाला विरोध नाही, पण मोर्चा हेच काम समजणाऱ्या उतावळ्या पोरांचा कंटाळा आला आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि १९३५ पर्यंत चालला, कारण मागे समिती होती आणि भाऊराव गायकवाडांसारखा चिटणीस होता. आपल्याकडे आठव्या दिवशी ग्रुप शांत होतो. तपास सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच हवा आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत जायला हवं. म्हणून एकाच माणसाकडे एक वही द्या. तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी त्याने लेखी विचारणा करायची. अपमानाच्या गुन्ह्यात पीडिताला मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा २५ टक्के हप्ता एफआयआरच्या टप्प्यावरच मिळतो, त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा त्याच वहीतून होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती झाली नसेल तर तसं पत्र द्या. आणि साक्षीच्या तारखेला साक्षीदाराला एकट्याला पाठवू नका. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे त्याला संरक्षण आणि प्रवासखर्च मिळतो, पण दोन्हीसाठी अर्ज तारखेच्या आधी द्यावा.