सिमकॉक्स मूळचे कुठले? दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग असा काढा

भुसावळात इंग्रजी आडनावांचं कुणाला नवल नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं ती आणली. काही बदली होऊन पुढं गेली, काही इथल्या ख्रिस्ती कबरस्तानात राहिली. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात बिलं तपासण्यात गेली. नाव जुळल्याशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही, ही सवय तेव्हाची. आता लोक व्हॉट्सॲपवर कबरीवरच्या दगडांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "भाऊ, हे आडनाव कुठलं? विलायतेत अजून आहे का कुणी?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आडनाव दुर्मिळ निघालं तर काम सोपं झालं असं समजा. स्मिथ शोधणं म्हणजे जळगाव जिल्ह्यात पाटील शोधणं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 1819 साली नाव खरडून गेलेला जॉन स्मिथ आडनावानं कुठला, हे सांगून दाखवा! अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणारा मेजर रॉबर्ट गिल 1879 साली वारला. त्याची कबर आमच्या भुसावळातच आहे, पण 'गिल'सुद्धा अवघड. उत्तर इंग्लंडात घळीला गिल म्हणतात, त्यावरून काही गिल झाले. जाइल्स किंवा जिलियन या नावांवरून दुसरे झाले. आणि पंजाबातल्या गिल मंडळींचा या दोघांशीही संबंध नाही.

उदाहरणाला आपण सिमकॉक्स घेऊ. या आडनावाच्या एका आय.सी.एस. अधिकाऱ्यानं खानदेश भिल्ल कोरचा (इंग्रजांनी उभारलेल्या भिल्लांच्या पलटणीचा) इतिहास लिहिला, तो 1912 साली छापून आला. म्हणजे नाव आपल्या ओळखीचं, पण विलायतेतही सहज भेटणारं नाही.

सुरुवात दगडापासून, कारण निम्मा घोटाळा तिथंच होतो. सकाळी आठच्या आत जा. एक तर एप्रिलमध्ये त्यानंतर तिथं उभं राहवत नाही, आणि दुसरं म्हणजे तिरपं ऊन असलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं असेल तर घरचा आरसा न्या आणि बाजूनं उजेड पाडा. साधं पाणी ओता, बस. चुना, खडू, काथ्या, तारेचा ब्रश यातलं काही दगडाला लावू नका. काही दगडांवर अक्षरं शिशाची ठोकलेली असतात. शिसं गळून पडलं तरी ते बसवायला पाडलेली बारीक भोकं राहतात. भोकं कागदावर जशीच्या तशी उतरवा आणि मग जोडा. अक्षर आपोआप दिसतं. 'जे-ए-एस' म्हणजे जेम्स आणि 'डब्ल्यू-एम' म्हणजे विल्यम, हेही लक्षात असू द्या. नाहीतर नसलेलंच नाव शोधत बसाल.

मग स्पेलिंगं मांडा. जुन्या काळी पाद्री कानावर पडेल तसं लिहून घ्यायचे. सिमकॉक्सच्या शेवटचा एक्स म्हणजे 'सी-के-एस'च. त्यामुळे सिमकॉक, सिमकॉक्स एक्सनं, सिमकॉक्स सीकेएसनं, आयऐवजी वाय घातलेलं, मध्ये पी घुसलेलं, अशी सगळी रूपं एका वहीत लिहा आणि प्रत्येक शोधून बघा. फॅमिलीसर्च या फुकट संकेतस्थळावर अक्षराच्या जागी तारांकन टाकलं तरी चालतं.

आता उगम. इंग्लंडात आडनावं 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू वंशपरंपरागत झाली. ढोबळ चार घरं आहेत: गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. सिमकॉक्स तिसऱ्या घरातलं. सायमनचं लाडकं रूप सिम. त्याला पोरासोरांच्या नावामागं लावायचं 'कॉक' जोडलं की सिमकॉक, आणि 'त्याचा' या अर्थाचा एस लागून सिमकॉक्स. विल्यमचं विलकॉक्स, जॉनचं हॅनकॉक, रिचर्डचं हिचकॉक हे याच घाटाचे. कोंबड्याशी नातं लावणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

कानाला गोड लागणारी व्युत्पत्ती बहुधा खोटी असते. नमुना भिल्ल कोरच्याच इतिहासातला. 1825 साली धरणगावला राहून ही कोर उभी करणारा जेम्स आउट्रम डर्बीशरचा. त्याचे वडील बेंजामिन आउट्रम दगडी कोळशासाठी रूळ टाकणारे इंजिनिअर होते. म्हणून 'आउट्रम'वरून 'ट्राम' शब्द आला, असं लोक छातीठोकपणे सांगतात. आम्हा रेल्वेवाल्यांना तर ते फारच आवडतं. पण बेंजामिनचा जन्म 1764 चा, आणि खाणीतल्या गाड्यांना ट्राम म्हणणं त्याच्या आधीपासून चालू होतं. तारखा शेजारी ठेवल्या की अशी गोष्ट टिकत नाही. खात्री हवी तर 2016 चा ऑक्सफर्डचा ब्रिटन-आयर्लंडचा आडनावकोश बघा. त्यात 45,000 हून अधिक आडनावं आहेत आणि जुन्या नोंदी सालासकट दिल्या आहेत. ज्या खुलाशाला साल नाही, तो मी धरत नाही.

उगम कळला तरी गाव कळलं असं नाही, आणि दुर्मिळ आडनावाची खरी मजा गावातच आहे. त्यासाठी 1881 ची जनगणना सगळ्यात सोयीची, कारण ती पूर्ण उतरवलेली आहे आणि फॅमिलीसर्चवर फुकट मिळते. आडनाव टाका आणि माणूस राहतो कुठं यापेक्षा जन्मला कुठं ते परगण्यानुसार (तिकडची काउंटी) मोजा. सिमकॉक्स घेतलं तर पश्चिम मिडलँड्सकडं, बर्मिंगहॅमच्या आसपास गर्दी दिसते; आउट्रम घेतलं तर डर्बीशरकडं. लंडनमध्ये चार घरं सापडली म्हणून लंडनचे म्हणू नका, लंडनला सगळेच येतात. मागं जायचं तर 1851 पर्यंत जन्मगाव मिळतं; 1841 ला फक्त याच परगण्यातला की बाहेरचा एवढंच लिहिलंय. त्याआधी चर्चची दप्तरं, ती 1538 पासून.

किती प्रचलित, हा प्रश्न साध्या भागाकाराचा. 1881 ला इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 60 लाख. समजा तुमच्या आडनावाची 520 माणसं सापडली. 520 भागिले 26, म्हणजे दहा लाखांत 20. नुसता आकडा नको, हे प्रमाण लिहा, तरच दुसऱ्या सालाशी ताडता येतं. वाढ-घट बघायला फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर जा. तिथं 1837 पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सूच्या तिमाहीनुसार आहेत. दर दहा वर्षांचे जन्म मोजा. 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून बाळाच्या आईचं माहेरचं आडनावही दिलंय, त्यामुळे दोन घरं वेगळी करता येतात. इंग्लंड-वेल्सची 1931 ची जनगणना जळाली आणि 1941 ला झालीच नाही, म्हणून मधला काळ याच सूच्यांवर काढावा लागतो.

आडनाव घटलं म्हणजे घराण्यावर काही संकट आलं असं नाही. नाव मुलाकडून चालतं. एका पिढीत मुलीच झाल्या की त्या फांदीवरचं नाव संपलं. गॅल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी 1874 साली याचं गणितच मांडलं होतं. थोड्या घरांचं आडनाव केवळ योगायोगानंही नाहीसं होतं.

राहिला इकडचा धागा. इथल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याच्या वेगळ्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा माग काढणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट शोधता येते. तिथं नाव, साल आणि गाव मिळालं की विलायतेतल्या जनगणनेशी जोडा. मात्र भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं प्रत्येक परदेशी आडनाव इंग्रजी नसतं. डिसूझा, फर्नांडिस गोव्याकडून आलेले. आणि आडनाव इंग्रजी असलं तरी घराणं दोन-तीन पिढ्या इथलंच असू शकतं, तेव्हा घरच्यांना विचारल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

एकेका आडनावाचाच अभ्यास करणाऱ्यांचं एक गिल्ड (मंडळ) विलायतेत 1979 पासून आहे. तुमचं आडनाव त्यांच्याकडं नोंदलेलं असेल तर त्या अभ्यासकाला ईमेल करा. दगडाचा फोटो, सगळी स्पेलिंगं, साल आणि 'भुसावळ, मुंबई इलाखा' एवढं लिहा. त्यांच्याकडं नसलेली नोंद मिळाली की ते मनापासून उत्तर देतात. घराण्याचं मानचिन्ह फ्रेम करून विकणाऱ्यांना मात्र पैसे पाठवू नका. तिकडं मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, अख्ख्या आडनावाला नाही.