आधी टायरची हवा बघा, मग एस-क्लास की सेव्हन सिरीज ते ठरवा

आलिशान गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करायची आहे, किंवा गाड्यांच्या तुलना लिहायच्या आहेत, म्हणून विचारणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. इंजिन, टॉर्क, ऑन-रोड किंमत, कुठल्या व्हेरियंटला काय मिळतं, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर आठवडाभर बसून वाचा, येईल. मला सांगायचंय ते ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. कोटी-दोन कोटींच्या गाडीतून उतरून ‘ही जास्त आरामदायी आहे’ असं आपण म्हणतो ते नेमकं कशाच्या जोरावर?

मर्सिडीज एस-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 3216 मिलिमीटर, बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचा 3215. फरक एका मिलिमीटरचा. दोन्हींना एअर सस्पेन्शन, दोन्हींत मागे रेलून पाय पसरायची सोय. एक आपल्या चाकणला जुळवली जाते, दुसरी चेन्नईला. आता नुसता कागद बघून सांगा, कुठली बरी? नाही सांगता येत. तरी लोक तक्ते बनवतात, रकान्यात बरोबरच्या खुणा करतात आणि जिला खुणा जास्त ती विजेती ठरवतात. मसाजचे प्रकार आठ आहेत की दहा यावरून कुणाची पाठ दुखायची थांबलेली मी पाहिलेली नाही.

आता सापळा. यात मी स्वतः पुरती अडकले होते, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

नवीन माणूस काय करतो? एक गाडी घेतो, बाणेरवरून बायपासला एक चक्कर मारतो. मग दुसरी घेतो, तीच चक्कर. परत येऊन म्हणतो, पहिली कडक आहे, दुसरी एकदम लोण्यासारखी. छातीठोकपणे म्हणतो. बऱ्याचदा त्याने गाड्यांची तुलना केलेलीच नसते, टायरांची केलेली असते.

नवी गाडी ट्रेलरवरून येते तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरलेली असते. दिवसेंदिवस एका जागी उभी राहून टायर खालून चपटे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. गाडी ताब्यात आली की पीडीआयमध्ये, म्हणजे ग्राहकाला देण्याआधीच्या तपासणीत, ती हवा उतरवायची असते. उतरवली जातेच असं नाही, आणि डेमो गाडीच्या बाबतीत तर घाईच असते. माझ्या पहिल्या नोकरीत अशी एक गाडी कितीतरी दिवस तशीच फिरत होती. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर पाठीच्या मणक्यात ठोका बसायचा, आणि आम्ही सगळे ‘हिचं सस्पेन्शनच असं आहे’ म्हणून मोकळे. ग्राहकालाही तेच ऐकवत होतो.

हवा हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा रिमचा. टायरच्या कडेवर 255/50 आर18 लिहिलेलं असेल तर टायरची रुंदी 255 मिलिमीटर, रिम अठरा इंची, आणि त्याच्या भिंतीची उंची 255 च्या पन्नास टक्के, म्हणजे साधारण 127 मिलिमीटर. त्याच गाडीला मोठी, देखणी वीस इंची चाकं लावली आणि टायर 255/40 आर20 झाला, की भिंत उरते 102 मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच रबर आणि हवा गेली. गंमत अशी की चाकाचा बाहेरचा घेर दोन्हींत सारखाच राहतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला फक्त रिम चकचकीत दिसते. खड्ड्याची धार आधी टायर झेलतो, सस्पेन्शनचा नंबर त्यानंतरचा. त्यात टायर रनफ्लॅट असेल, तर पंक्चर झाल्यावरही गाडीचं ओझं पेलता यावं म्हणून त्याची भिंत मुळातच जाड आणि ताठ केलेली असते. मग एकीकडे अठरा इंची साधा टायर आणि दुसरीकडे एकवीस इंची रनफ्लॅट ठेवून दोन कंपन्यांच्या सस्पेन्शनवर निकाल देण्यात काय अर्थ आहे?

म्हणून तुलनेच्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, गार टायरवर हवा मोजा. चालून गरम झालेल्या टायरचा आकडा वाढलेला असतो. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) धरा, म्हणजे पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी काय होतं ते कळेल. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतं. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी, एक गाडी भरलेली असताना. दोन्ही गाड्यांना एकाच प्रकारचा आकडा लावा. मग मोड बघा. आधीचा चालवणारा स्पोर्टवर ठेवून उतरला असेल तर दोष गाडीचा नाही. दोन्ही कम्फर्टवर आणा. रस्ता एकच, चालवणारा एकच, मागे बसणारी माणसं तेवढीच. रिमचा आकार वेगळा असेल आणि बदलता येत नसेल, तर तुलना करा, पण निष्कर्षाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. एवढं सगळं करायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवणाऱ्याच्या मतावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही मोठा असो.

घाबरून जाऊ नका. एकदा सवय लागली की हात आपोआप हवा मोजायच्या गेजकडे जातो.

यापुढचं मी भराभर सांगते. स्टिअरिंगवर बसून आराम ठरवू नका. या वर्गातले बरेच मालक मागे, डाव्या सीटवर बसतात, कारण पुढची डावी सीट सरकवून तिथेच पाय पसरता येतात. तुम्हाला गाडी चालवायची हौस असते हे मला कळतं, मलाही होती. पण पगार मागच्या सीटचा आहे. आणि पाच मिनिटं बसून उठू नका. शोरूममध्ये जी गादी सर्वांत मऊ वाटते तीच तासाभराने मांडीखालून पोकळ लागू शकते, कारण बूड खचतं आणि गुडघे वर राहतात. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्त तपासा. बॅटरी पायाखाली असल्याने तळ उंच येतो, आणि सीट त्या मानाने उचललेली नसली तर मांडीचा आधार सुटतो. उंच माणूस तासभर बसवा आणि त्याच्या मांडीखाली हात घालून बघा. तळवा आरपार गेला की समजा.

मऊ म्हणजे आराम, हाही गैरसमजच. आपलं अंग उभ्या हादऱ्यांत साधारण 4 ते 8 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांना, सर्वांत जास्त वैतागतं. ते हादरे चुकवायला आलिशान गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एकदा वरखाली होईल अशी बसवतात. पण हेलकावे त्याहून संथ झाले, म्हणजे अर्ध्या हर्ट्झच्याही खाली, तर मळमळायला लागतं. सेव्हन सिरीजमध्ये छतातून 31.3 इंचांचा पडदा खाली येतो. बघताना डोळे दिपतात. पण खंडाळ्याच्या वळणांवर तो लावून कुणी चित्रपट बघितला तर घाट संपेपर्यंत टिकतो का, ते कुठल्याच तक्त्यात नसतं. घाटात मागे बसून मोबाइल वाचत जा. वाईट वाटेल, पण काम तेच आहे.

आवाजासाठी एक्स्प्रेसवे उत्तम, काँक्रीटवर टायरची गुणगुण लपत नाही. मोबाइलमधल्या डेसिबलच्या ॲपवर मात्र माझा राग आहे. ही ॲप बहुतेक वेळा कानाला ऐकू येईल तसं वजन देऊन मोजतात, त्यामुळे खालच्या पट्टीतली घुमघुम त्यांत कमी भरते. पोटात जाणवणारी ती घुमघुमच दोन तासांत डोकं उठवते. शांतता म्हणजे शून्य आवाज असंही नाही. 2020 ची रोल्स-रॉइस घोस्ट घडवताना आवाज रोखायला शंभर किलोंहून जास्त साहित्य वापरलं, आणि मग आतली शांतता इतकी झाली की अंग अस्वस्थ व्हायला लागलं. शेवटी इंजिनिअरांनी वेगवेगळ्या भागांची कंपनं एका सुरात आणून एक हलकीशी कुजबुज मुद्दाम शिल्लक ठेवली. तुम्ही तुलना लिहाल तेव्हा आकड्याशेजारी आवाजाची जातही लिहा: वारा, टायर, इंजिन की एसीचा ब्लोअर.

डिझाइनबद्दल नवीन मुलं ग्रिल आणि दिव्यांवरच भांडतात. आधी बाजूने, थोडं लांब उभं राहून बघा. पुढच्या चाकाचा मध्य आणि डॅशबोर्ड यांत किती अंतर आहे? ते जास्त असलं की बॉनेट लांब दिसतं आणि गाडीला रुबाब येतो. चाक गाडीच्या उंचीच्या किती? रोल्स-रॉइसवाले चाकाची उंची गाडीच्या निम्मी ठेवतात, फँटम उभी असतानाही भारदस्त वाटते त्यात या प्रमाणाचा मोठा हात आहे. हे प्रमाण एकदा डोळ्यात बसलं की क्रोमची पट्टी कुठे आहे याने फारसा फरक पडत नाही. आणि डिझाइनला आरामापासून वेगळं काढू नका. सेव्हन सिरीजची उंची 1544 मिलिमीटर, एस-क्लासची 1503. ही चार सेंटिमीटरं काहींना बाहेरून बोजड वाटतात. मागे फेटा बांधलेला माणूस बसवला की मत बदलू शकतं.

तसंच साडीचं. मापं घेणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांना हे सुचत नाही. नऊवारी सोडा, साध्या पाचवारीत मागच्या दारातून उतरताना उंबरा रुंद असेल तर काठ त्याला घासतो, आणि पावसाळ्यात तो उंबरा चिखलाने भरलेला असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना खाली वाकून बसावं लागतं की नुसतं मागे टेकलं तरी चालतं? 2024 मध्ये आपल्याकडे आलेल्या लेक्सस एलएमसारख्या उंच गाडीकडे लोक वळतात त्याला 48 इंची पडदा हे एकच कारण नाही. सरकतं दार आणि कमरेच्या बेताची सीट हेही आहे. वळणावर ती सेडानसारखी जमिनीला धरून जात नाही, तेही सांगा. दोन्ही बाजू सांगितल्या की गिऱ्हाईक परत येतं.

गुरू कुणाला करायचं? माझं मत स्पष्ट आहे: ड्रायव्हरकाकांना. कंपनीचं ट्रेनिंग घ्या, चांगलं असतं, पण तिथे त्यांची गाडी नेहमी जिंकते. व्हिडिओवाल्यांना बहुधा गाडी एखाद-दोन दिवसच मिळते. पार्किंगमध्ये साहेबांची वाट बघत बसलेल्या माणसाने त्या गाडीत दोन-तीन पावसाळे काढलेले असतात. साहेब कोल्हापूरला निघाले की खंबाटकीच्या आधी झोपतात की जागेच राहतात, हे त्याला माहीत असतं, आणि माझ्या लेखी आरामाचं याहून खात्रीचं माप नाही. चहा पाजा, ‘काका’ म्हणा, ऐका. सगळं कळतं असं म्हणणाऱ्या सिनियर सरांकडून मी बोलायचं कसं ते शिकले. गाडी शिकले ती या काकांकडून.

मराठी माध्यमातून आलोय, अशा गिऱ्हाईकांसमोर कसं उभं राहायचं, हा प्रश्न तर हमखास येतो. सांगली-कोल्हापूरकडून गाडी बघायला आलेला कारखानदार मराठीतच बोलतो आणि मराठीतच घासाघीस करतो. मुलींना मात्र सांगून ठेवते, सुरुवातीला लोक तुम्हाला रिसेप्शनला बसवून टाकतील आणि टेस्ट ड्राइव्हची किल्ली शेजारच्या मुलाकडे मागतील. चिडायला होतं, मला अजूनही होतं. दार उघडून मागच्या सीटचा कोन, टायरची भिंत आणि उंबऱ्याची रुंदी सांगायला लागलात की पुढचा प्रश्न तुम्हालाच येतो. टार्गेटचं मात्र मी गोड बोलणार नाही. महिनाअखेर वाईटच असते आणि काही मुलं पहिल्या वर्षातच सोडून जातात.

मुलाखतीला गेलात की पगार आणि इन्सेंटिव्हबरोबर एवढं नक्की विचारा: नव्या माणसाला डेमो गाडीत मागच्या सीटवर तासभर बसून फिरायला मिळतं का, आणि त्या गाडीची हवा शेवटची कधी तपासली. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला नुसतंच हसू असं उत्तर आलं, तर हातात दुसरी ऑफर असेल तर ती घ्या. नसेल तर हीच घ्या आणि पहिल्या दिवशी स्वतःचा गेज घेऊन जा.