नागपूर ते टोरंटो किती लांब, किती तास? घरबसल्या असं काढा

आमच्या प्रतापनगरच्या मावशीने मुलाचं तिकीट पाहिलं, दिल्लीहून पहाटे 3 ला निघणार आणि टोरंटोला त्याच तारखेला सकाळी 8 ला पोचणार, तर म्हणे "पाचच तास? पुण्याला ट्रेनने याहून जास्त लागतात रे!" हसू नका राजेहो, तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथली तिथली छापतात म्हणून अर्धं नागपूर इथेच फसतं.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, सपाट नकाशा उत्तरेकडे गेलं की जाम ताणलेला असतो. पोरांचा शाळेतला प्लास्टिकचा ग्लोब घ्या, शिवणाचा दोरा नागपूरवर अंगठ्याने दाबा आणि दुसरं टोक टोरंटोवर ओढून ताणा. दोरा युरोपकडे जातच नाही, सरळ वर चढतो, रशिया, मग ग्रीनलँड आणि तिथून खाली कॅनडात. हाच खरा जवळचा रस्ता, साधारण 12,490 किमी. ग्लोब नसेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले (आपल्या सोनेगावचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, टोरंटोचा वायवायझेड) की आकडा येतो.

आता गंमत बघा. दिल्लीवरून जाणं म्हणजे उलटा फेरा असं वाटतं नं? पण नागपूर-दिल्ली 850 आणि दिल्ली-टोरंटो 11,640, बेरीज करा, तेवढेच झाले, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच येते. दोहावरून गेलात तर 2,840 अधिक 10,880, म्हणजे बाराशेच्या वर किमी जास्त. पण हे सगळं कागदावर बरं का, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून त्यांना पश्चिमेकडे जाताना लांबून वळसा पडायला लागला.

वेळेसाठी माझा देशी हिशोब असा की किमीला 850 ने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. दिल्ली-टोरंटो सव्वाचौदा तास येतं, पण जाताना वरचा वारा समोरून असतो, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून तासभर अजून धरा, येताना तोच वारा मागून ढकलतो. खरा आकडा हवा असेल तर फ्लाइटरडार नावाच्या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांत किती लागले ते पाहा, कंपनी तिकिटावर थोडी ढील देऊनच वेळ लिहिते.

मग तिकीट वाचायचं कसं? दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणा, बस. हिवाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणून तिथले सकाळचे 8 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यातून पहाटेचे 3 वजा केले की साडेपंधरा तास. यात नागपूर-दिल्लीचा दीडेक तास आणि दिल्लीत बसून काढायचे तास वेगळे, आणि खरं सांगू का, माणूस थकतो तो तिथेच, म्हणून शे-दोनशे किमीवरून डोकं खाण्यापेक्षा मधला थांबा किती ते आधी बघा.

मावशीने आता फ्रीजवर "टोरंटो + 10.30" असा कागद चिकटवलाय. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे गेली की तो 9.30 करावा लागेल, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत 10.30, म्हणून मी पेन्सिलनेच लिहायला लावलंय.