‘मटिक्युलस’ हा इंग्रजी शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा

बायोडेटात ‘केअरफुल’ लिहून कंटाळलेली मंडळी हल्ली सरसकट ‘मटिक्युलस’ लिहू लागली आहेत. शब्द छान आहे, पण उठसूट वापरण्याजोगा नाही.

आधी उच्चार. म-टिक्-यु-लस. जोर ‘टिक्’वर, सुरुवातीचा ‘मे’ ताणू नका.

मग कामाकडे बघा. रस्ता ओलांडताना माणूस केअरफुल असतो, त्याला मटिक्युलस म्हणत नाहीत. सोसायटीच्या खजिनदाराने पावत्या तारीखवार लावल्या, प्रत्येक व्हाउचरवर सही घेतली, एका रुपयाचा फरक निघाला म्हणून सगळी बेरीज पुन्हा केली, की तो मटिक्युलस. आपल्या ‘काटेकोर’च्या अगदी जवळचा. कामात जपण्याजोगे बारीकसारीक तपशील नसतील, तर ‘केअरफुल’ पुरे.

गंमत म्हणजे याचं मूळ लॅटिन ‘मेटस’, अर्थ भीती. इंग्रजीत तो आधी चक्क ‘भित्रा’ होता. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचच्या प्रभावाने ‘क्षुल्लक गोष्टींत नको इतकं लक्ष घालणारा’ अशी छटा आली. कौतुकाचा सूर त्यानंतरचा. 1926 सालच्या आपल्या इंग्रजी शब्दवापराच्या कोशात इंग्रज कोशकार फाउलर यांनी या शब्दाच्या हौसेपायी ब्रिटिश पत्रकारांना चांगलंच झापलं होतं. आज मात्र ती बहुधा शाबासकीच असते. चिकित्सकपणाला टोमणा मारायचा तर ‘फसी’ आहेच.

वाक्यात बसवताना नामाआधी ठेवणं सर्वात सोपं: मटिक्युलस प्लॅनिंग, मटिक्युलस रेकॉर्ड्स. माणसाबद्दल बोलताना पुढे ‘अबाउट’ घ्या: ‘शी इज मटिक्युलस अबाउट हर अकाउंट्स.’ क्रियापदाला ‘मटिक्युलसली’. ‘व्हेरी’ जोडू नका, शब्द मुळातच वजनदार आहे.

‘स्क्रुप्युलस’शी गल्लत मात्र सहज होते. त्यातही काटेकोरपणा आहे, पण बऱ्याचदा नीतीची बाजू जास्त. चहाचे पैसेही स्वतःच्या खिशातून देणारा अधिकारी स्क्रुप्युलस, मग त्याच्या टेबलावर फायलींचा कितीही पसारा असो.

आता अर्ज. ‘आय ॲम अ मटिक्युलस पर्सन’ असं कोणीही लिहू शकतं. त्यापेक्षा काय केलंत ते लिहा: ‘मटिक्युलसली चेक्ड ऑल व्हेंडर बिल्स.’ आणि पाठवण्याआधी स्पेलिंग एकदा बघा: एम-ई-टी-आय-सी-यू-एल-ओ-यू-एस. नेमकं हेच चुकलं, तर वाचणाऱ्याची करमणूक होईल.