पनामात एम्बेरा गावाला एक दिवस जायचंय? मग हे वाचा

पनामा सिटीत दोन-तीन दिवस असाल आणि कॅनॉल बघून झाला असेल तर एक दिवस चाग्रेस नदीकाठच्या एम्बेरा गावासाठी ठेवाच, एम्बेरा म्हणजे इथले आदिवासी लोक. परारा पुरू, एम्बेरा ड्रुआ अशी काही गावं आहेत, सिटीतून तासाभर गाडी आणि पुढे रस्ताच नाही, मोटर लावलेली लांबलचक लाकडी होडी, तिला पिराग्वा म्हणतात.

बूट घालून जाऊ नका, चढता-उतरताना पाय भिजतातच, फ्लोटर्स बेस्ट. मोबाईल झिपलॉकमध्ये. जानेवारी ते एप्रिल कोरडा सीझन, पाणी कमी, होडी गोट्यांना घासते मग पुढे उभा असलेला पोरगा लांब काठीने रेटतो, आमच्या वेळी तर तो सरळ खाली उतरून ढकलायला लागला. पावसाळ्यात तिथला धबधबा मस्त पण दुपारी धो धो, म्हणून सकाळी लवकर निघा.

जेवणात पानाच्या पुडीत दिलेला तळलेला मासा आणि पाताकोनेस, म्हणजे कच्चं केळं तळून, चेपून परत तळलेलं. व्हेज असाल तर बुकिंगलाच सांगा, तरी बॅगेत थोडा चिवडा असू द्या.

हातावर खाग्वाच्या फळाच्या रसाने नक्षी काढतात. लावताना फिकट दिसतं, म्हणून बायको म्हणाली अजून काढा अजून काढा, दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत निळंकाळं! घासून जात नाही, आठवडा-दोन आठवडे राहतं, सोमवारी मीटिंग असेल तर बघा बुवा.

कॅश न्या, डॉलरच चालतात, सुट्ट्या नोटा हव्यात. चुंगा ताडाच्या धाग्याच्या टोपल्या बघाल, वीण इतकी घट्ट की बोट फिरवलं तरी फट लागत नाही. तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका प्लीज. हे लोक मूळचे दारिएनकडचे, म्हणजे पनामाच्या पूर्वेकडच्या जंगलातले, इथे नॅशनल पार्क झाल्यावर शिकार आणि शेतीवर बंधनं आली, त्यामुळे टुरिस्टच्या पैशावर बरंच चालतं. 'सगळा शो आहे' म्हणणारे भेटतात, अहो शो आहेच, पण घरं त्यांचीच आहेत ना! म्हणून खांबांवरच्या त्या घरात चढायच्या आधी विचारा, फोटोलाही.

परतताना होडी प्रवाहाबरोबर सुसाट येते आणि पाणी अंगावर उडतं, टॉवेल बॅगेत सगळ्यात वर ठेवा.